स्वभाव बघून करिअर ठरवताय? या चुका टाळा

समुपदेशनाला येणारे पालक मुलाची ओळख करून देताना बहुतेक वेळा त्याचा स्वभाव सांगतात. "बोलका आहे हो खूप, मार्केटिंगला चांगला चालेल." "ही अगदीच शांत, हिला कॉम्प्युटरला टाकावं म्हणतोय." पण त्याला कोणतं काम करत बसायला आवडतं, असं विचारलं की आई-बाबा मुलाकडे बघतात आणि मूल जमिनीकडे. नाशिकमध्ये निकालानंतरच्या पंधरा दिवसांत कॉलेज रोडच्या क्लासपासून आयटीआयच्या खिडकीपर्यंत किती निर्णय या एका गोंधळावर होतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. चुकलेल्या निर्णयाची किंमत पोरांना तीन-चार वर्षांनी मोजावी लागते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माणूस साधारणपणे कसा वागतो, तो त्याचा स्वभाव. कोणत्या प्रकारच्या कामाकडे त्याची ओढ आहे, ती त्याची व्यावसायिक अभिरुची. मानसशास्त्रात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. स्वभावासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी पाच घटकांची आहे: नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता (बोलका, मिसळणारा स्वभाव), सलोखा (मनमिळाऊपणा) आणि भावनिक अस्थिरता. अभिरुचीसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले सहा गट वापरतात. वास्तववादी म्हणजे हत्यारं, यंत्रं, माती, जनावरं यांच्याशी थेट हातांनी काम. शोधक म्हणजे कारणं शोधणं, तपासणं. कलात्मक म्हणजे नवं काही रचणं. सामाजिक म्हणजे शिकवणं, शुश्रूषा, मदत. उद्यमशील म्हणजे पटवणं, विकणं, लोकांना कामाला लावणं. आणि पारंपरिक म्हणजे नोंदी, हिशेब, नियमांनुसार चालणारं काम.

या पाच आणि सहा गोष्टींचं एकमेकांशी नातं किती, हे पाहणारे बरेच अभ्यास झाले. त्यांचे आकडे एकत्र करणारे दोन मोठे आढावे २००२ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. असं नातं सहसंबंधाच्या आकड्यात सांगतात: ० म्हणजे नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं. सगळ्यात पक्कं नातं दोनच ठिकाणी दिसलं: नवेपणाची ओढ आणि कलात्मक अभिरुची (सहसंबंध ०.४ ते ०.५ च्या दरम्यान), आणि बहिर्मुखता आणि उद्यमशील अभिरुची (०.४ च्या आसपास). बाकीची नाती याहून सैल. काही ठिकाणी तर नातं जवळपास नाहीच. खालच्या बहुतेक चुका हे आकडे माहीत नसल्यामुळे होतात.

"बोलका आहे, म्हणजे मार्केटिंग"

०.४ चा सहसंबंध म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या. सरासरीपेक्षा जास्त बोलकी अशी शंभर मुलं घेतली, तर त्यांतल्या साधारण ६३ मुलांची उद्यमशील अभिरुची सरासरीच्या वर निघेल आणि ३७ जणांची खाली. नुसतं नाणं उडवलं असतं तर ५०-५० झालं असतं. म्हणजे बोलकेपणावरून अंदाज थोडा सुधारतो, एवढंच. आणि हे सगळ्यात पक्क्या नात्यांपैकी एक!

त्या ३७ जणांमध्ये तुमचं मूल असू शकतं. बोलक्या मुलाला लोकांत मिसळायला आवडतं हे खरं, पण मिसळून त्याला करायचं काय असतं? कुणाला समोरच्याला समजावून सांगण्यात रस असतो, तो शिक्षकी पेशाकडे झुकेल. कुणाला नुसती सोबत हवी असते, मग काम कसलंही चालतं. विक्रीच्या कामात मात्र दिवसातून वीस वेळा "नको" ऐकायचं असतं, महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं आणि पैशाचं बोलणं टाळता येत नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर मुलाला मेन रोडवरच्या ओळखीच्या कापडाच्या दुकानात शनिवार-रविवार बसवा. चार साड्या उलगडून गिऱ्हाईक "बघतो नंतर" म्हणत पायरी उतरू लागलं की त्याच्याकडे लक्ष ठेवा. उद्यमशील ओढ असलेलं पोरगं चुळबुळतं, "ताई, हा रंग तरी बघून जा" म्हणून पुढे होतं, आणि विक्री झाली नाही तर का नाही झाली यावर रात्री जेवताना बोलतं. नुसता बोलका मुलगा त्या बाईंशी गावाकडच्या पावसाबद्दल गप्पा मारतो आणि त्या रिकाम्या हाताने गेल्या तरी खुश असतो. दोघांचाही स्वभाव बहिर्मुख. अभिरुची निराळी.

"शांत आहे, म्हणजे मशीन नाहीतर कॉम्प्युटर"

ही चूक पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण शांत मुलं विरोध करत नाहीत. वास्तववादी अभिरुचीचा, म्हणजे यंत्रांच्या आणि हातांच्या कामाच्या ओढीचा, पाचपैकी कोणत्याही स्वभावघटकाशी म्हणावा असा संबंध त्या आढाव्यांत सापडला नाही. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये तासभर उभं राहा. दिवसभर तोंड बंद न करणारा फिटर आणि चहालाही न बोलणारा फिटर शेजारी शेजारी असतात, आणि दोघांनाही डाय (साचा) नीट बसली की सारखाच आनंद होतो.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. सामाजिक अभिरुचीचं बहिर्मुखतेशी नातं ०.३ च्या आसपास आहे, तर मनमिळाऊपणाशी, सलोख्याशी, ०.२ पेक्षाही कमी. म्हणजे कमी बोलणाऱ्या कितीतरी माणसांना माणसांसाठीच काम करायचं असतं. आजीच्या गोळ्यांच्या वेळा न सांगता सांभाळणारी, धाकट्या भावाला शांतपणे गणित शिकवणारी मुलगी घरात "अबोल" म्हणून ओळखली जाते आणि तिच्यासाठी कोडिंगचा क्लास लावला जातो. तिला फिजिओथेरपी, नर्सिंग, विशेष मुलांचं शिक्षण हे कुणी दाखवलेलंच नसतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच शहरात आहे. त्याच्याशी संलग्न अभ्यासक्रमांची यादी एकदा वाचली तरी डॉक्टरकीच्या पलीकडचं किती काही आहे ते कळतं.

मुलींच्या बाबतीत अजून एक. वस्तूंशी काम की माणसांशी काम, या आवडीत स्त्री-पुरुषांच्या सरासरीत मोठा फरक आढळतो, हे संशोधनात वारंवार दिसलंय. पण सरासरी ही गटाची असते. तुमच्या समोर बसलेल्या एका मुलीला ती लागू करणं म्हणजे तिला न विचारता तिच्या वतीने उत्तर देणं.

व्यवसायाचं नाव वाचणं, काम न वाचणं

"शेतीची अजिबात आवड नाही," असं निफाड-दिंडोरीकडची किती मुलं सांगतात! आणि वडील दुखावतात. दोघंही "शेती" या एका नावाशी भांडत असतात. द्राक्षबागेतलं काम उलगडून बघा.

एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. काडीवर किती डोळे राखायचे ते ठरवून कात्री चालवायची, वेली तारेवर बांधायच्या, घडांची विरळणी करायची, ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर सांभाळायचा. हे वास्तववादी काम. पानावर तेलकट डाग दिसला तर तो डाउनी रोगाचा की आणखी कशाचा, रात्री दव किती पडलं, पान किती तास ओलं राहिलं, पान-देठ परीक्षणात कोणतं अन्नद्रव्य कमी आलं, हे शोधक काम. निर्यातीची बाग असेल तर ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी, प्रत्येक फवारणीची तारीख आणि मात्रा नोंदवहीत, तोडणीआधी औषधांच्या अंशांची तपासणी. हे पक्कं पारंपरिक अभिरुचीचं काम, आणि एक नोंद चुकली तर अख्खा माल अडतो. पुढे व्यापाऱ्याशी भाव ठरवणं, मजुरांची टोळी वेळेवर मिळवणं, इथे उद्यमशील माणूस लागतो.

एका मुलाला उन्हात कात्री धरायचा कंटाळा. पण वडिलांच्या फवारणीच्या वहीतल्या चुका तोच काढायचा, आणि हवामान केंद्राचे आकडे मोबाईलवर बघून "आज फवारू नका" म्हणायचा. त्याचा शोधक-पारंपरिक कल इतका उघड होता की चाचणीची गरजच नव्हती. तो कृषी रसायनशास्त्राकडे किंवा अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो, किंवा त्याच बागेत राहून निर्यातीची बाजू सांभाळू शकतो. "शेती आवडत नाही" या एका वाक्यावर घरचे हे सगळं बंद करायला निघाले होते.

हेच पोलीस भरतीचं, बँकेचं, ओझरच्या एचएएल विमान कारखान्याचं. नाव एकच, आत दहा प्रकारची कामं. मुलाला नाव विचारू नका, त्यातलं कोणतं काम ते विचारा.

"शिस्तीचा आहे, सीए कर म्हणावं"

काटेकोरपणा आणि पारंपरिक अभिरुची यांचं नातं आहे, पण ०.२ च्या आसपास. फारच बारीक. काटेकोरपणाचं खरं महत्त्व दुसरीकडे आहे: १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या आढाव्यात तपासलेल्या सर्व व्यवसायगटांमध्ये काटेकोर माणसांची कामगिरी सरस दिसली. विक्रेता असो, पोलीस असो, व्यवस्थापक असो. म्हणजे हा गुण कुठेही उपयोगी पडतो, आणि म्हणूनच कुठे जायचं ते तो सांगू शकत नाही. वह्या नीटनेटक्या ठेवणाऱ्या मुलाला चित्रकार होता येतं. पसारा घालणाऱ्या मुलाला "कलाकार आहे" म्हणून आर्ट्सला पाठवणंही तितकंच चुकीचं.

मार्कांचंही थोडं असंच. गणितात ९५ पडले म्हणजे जमतं हे कळलं, आवडतं हे नाही. अभिक्षमता, म्हणजे एखादं काम जमण्याची कुवत, ही तिसरीच गोष्ट. तिची चाचणी वेगळी आणि अहवालात तिचं पानही वेगळंच असायला हवं.

सगळीकडे "आवडत नाही": सपाट अहवाल आला तर

काही वेळा अभिरुची चाचणीत सहाच्या सहा गटांत गुण खाली येतात आणि आलेख जवळजवळ आडवी रेघ दिसतो. पालक घाबरतात, "याला कशातच रस नाही." इथे घाई करू नका, कारणं एकेक करून तपासा.

पहिलं कारण सगळ्यात साधं: मुलाने ती कामं पाहिलेलीच नसतात. आठवीपासून शाळा, क्लास, घर एवढंच बघितलेल्या मुलाला "प्रयोगशाळेत नमुने तपासायला आवडेल का?" या प्रश्नाला काय उत्तर देता येणार? अशा मुलाला दोन-तीन महिने वेगवेगळी कामं प्रत्यक्ष दाखवा आणि मग पुन्हा चाचणी घ्या.

दुसरं, चाचणी कधी दिली? प्रिलिमच्या आठवड्यात, रात्री दहा वाजता दिलेल्या चाचणीचा अहवाल बाजूला ठेवलेला बरा.

तिसरं कारण गंभीर आहे. मन खचलेलं असलं की पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा होतात. भावनिक अस्थिरता या स्वभावघटकाचा सहा अभिरुचींपैकी कशाशीच मोठा संबंध नाही, त्यामुळे "घाबरट आहे म्हणून साधी नोकरी बरी" हे तर्कट टिकत नाही. पण सध्याची उदासी उत्तरांवर नक्की परिणाम करते. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प-उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, मित्र तुटले असतील, तर करिअरचा विषय थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. प्रवेश एक फेरी पुढे गेला तरी चालेल.

सगळ्या गटांत गुण खूप वर आले तरी आनंदून जाऊ नका. तो उत्साहही असू शकतो किंवा सगळ्यांना खुश ठेवण्याची सवयही. अशा वेळी गुणांचे आकडे सोडा आणि मुलाला जोड्या लावून विचारा: हे की ते, एकच निवड.

चाचणी देताना वडील शेजारी

हे मी स्वतः थांबवतो. पालकांना बाहेर बसवतो, चहा देतो. कारण बाबा शेजारी असले की इंजिनिअरच्या मुलाचे वास्तववादी गुण आपोआप वाढतात. ऑनलाइन चाचणी घरी द्यायची असेल तरी मुलाला खोलीत एकट्याला सोडा, आणि प्रश्न समजला नाही तर "याचा अर्थ म्हणजे..." करून उत्तर सुचवू नका.

भाषेकडेही लक्ष द्या. पुष्कळ चाचण्यांची मूळ घडण अमेरिकेतली आहे. हॉलंड यांच्या सहा गटांची षट्कोनातली मांडणी (मिळतेजुळते गट शेजारी, विरुद्ध गट समोरासमोर) तिथल्या नमुन्यांत चांगली बसते. १९९६ मधल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात इतर अनेक देशांत ती तितकी नीट बसली नाही. शब्दशः भाषांतर केलेला प्रश्न पेठ-सुरगाण्याच्या मुलीला परका वाटतो, आणि परक्या गोष्टीला ती "नाही" म्हणते. त्या मुलीने घरच्या भाताच्या रोपांची लावणी केली, बचत गटाचा हिशेब लिहिला, वारली चित्रं काढली. तिच्या अभिरुचीचा पुरावा तिथे आहे, छापील पानात नाही.

राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं त्यात होती. मला तो उपक्रम मनापासून आवडला होता, कारण कितीतरी घरांत "तुझा कल कशाकडे?" हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा विचारला गेला. गडबड झाली ती घरी: वरचं एक क्षेत्र वाचून कागद कपाटात गेला. दुसऱ्या-तिसऱ्या क्षेत्राकडे कुणी पाहिलं नाही.

सोळा साचे आणि बोटांचे ठसे

चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या सोळा प्रकारांच्या चाचण्या इंटरनेटवर फुकट मिळतात, मुलांना आवडतातही. अडचण अशी की बहिर्मुखता ही उंचीसारखी आहे. बहुतेक लोक मधे असतात. मधे असलेल्याला जबरदस्तीने या किंवा त्या बाजूला ढकललं की पुढच्या महिन्यात अक्षर बदलतं, आणि मूल म्हणतं, "मी आता वेगळाच प्रकार झालो." गप्पांसाठी ठीक आहे, पण अकरावीची शाखा यावर ठरवू नका.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. ठशांच्या रेषा जन्माआधीच तयार होतात. त्यांचा मुलाच्या आवडीनिवडीशी काही संबंध असल्याचा वैज्ञानिक पुरावा नाही. हजारो रुपये घेऊन रंगीत फाईल देतात आणि आई-बाप विश्वासाने ती जपून ठेवतात. त्या पैशात मुलाला चार ठिकाणी नेऊन प्रत्यक्ष काम दाखवता येतं.

आठवीत दिलेल्या अहवालावर बारावीचा निर्णय

अभिरुची टिकाऊ असते, पण कधीपासून? १२ ते ४० या वयांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००५ मध्ये आला. शालेय वयात अभिरुची बऱ्यापैकी स्थिर असते आणि साधारण अठराव्या वर्षानंतर, कॉलेजच्या काळात, ती ठळकपणे पक्की होते, असं त्यात दिसलं. स्वभावही गोठलेला नसतो. तरुणपणी काटेकोरपणा आणि भावनिक स्थिरता सरासरीने वाढतात. आठवीचा अहवाल वाईट नसतो, जुना असतो. दहावीनंतर एकदा आणि बारावीच्या सुमारास पुन्हा एकदा बघा.

आणि आयुष्यात एकच व्यवसाय सापडला पाहिजे हा हट्टही सोडा. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा मुंबईच्या जे. जे. कला शाळेत, मग बडोद्याच्या कलाभवनात. पुढे छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा, आणि चाळिशी ओलांडल्यावर चित्रपट. १९१३ नंतर कंपनी नाशिकला आणली ती त्यांनीच. पदं मोजली तर पाच-सहा वेळा "फील्ड बदललं" असं आजचे नातेवाईक म्हणतील. कामं बघितली तर प्रत्येक ठिकाणी चित्र आणि यंत्र एकत्र आहेत. कलात्मक आणि वास्तववादी ओढ शेवटपर्यंत तीच होती.

स्वभाव एकीकडे, अभिरुची दुसरीकडे: आता काय?

अहवालात हे हमखास येतं. "सामाजिक अभिरुची जास्त, बहिर्मुखता कमी." पालक विचारतात, कोणतं खरं? दोन्ही. जिथे नातं सैल असतं तिथे अशी जोडी सापडणारच. मी अशा वेळी अभिरुचीला क्षेत्र ठरवू देतो आणि स्वभावाला त्या क्षेत्रातली जागा.

मघाच्या त्या अबोल मुलीला शिकवायला आवडतं, पण साठ पोरांच्या वर्गात जीव दमतो. तिच्यासाठी वाचा-श्रवण उपचार आहेत, विशेष शिक्षण आहे, अभ्यास साहित्य तयार करणं आहे. शोधक अभिरुचीचा पण गप्पिष्ट मुलगा प्रयोगशाळेत एकटा कुढेल. तोच द्राक्ष-कांद्याच्या सल्लागाराचं काम करताना दिवसाला चार बागा फिरेल. कलात्मक ओढ आहे, पण अनिश्चित कमाईची भीती वाटते? येवल्याच्या पैठणीची नक्षी काढण्यापासून छपाई, पॅकेजिंग, कपड्यांच्या डिझाइनपर्यंत पगारी जागा असतात. स्वभाव आड आला म्हणून क्षेत्र सोडण्याआधी त्या क्षेत्राचे असे कोपरे शोधा.

चाचणी स्वतःच करून बघायची असेल तर अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेटवरची साठ प्रश्नांची अभिरुची चाचणी मोफत आहे. प्रश्न इंग्रजीत आहेत, दहावीच्या मुलाला थोडी मदत लागेल. त्यातल्या नोकऱ्यांची यादी अमेरिकेची आहे, ती बाजूला ठेवा आणि सहा गटांचे गुण तेवढे घ्या. पैसे देऊन कुठे चाचणी घेत असाल तर आधी तीन गोष्टी विचारा: अभिरुची, स्वभाव आणि अभिक्षमता वेगवेगळ्या मोजणार का, तुलना कोणत्या मुलांशी करणार, मराठी माध्यमाच्या की आणखी कुठल्या, आणि अहवाल समजावायला समोर बसून किती वेळ देणार. तिसऱ्या प्रश्नावर "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येईल" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

मग वरचे दोन-तीन गट घेऊन मे महिन्यात मुलाला प्रत्येक कामाच्या जागी निदान तीन दिवस बसू द्या. मामाचं वर्कशॉप, ओळखीची पॅथॉलॉजी लॅब, शेजारच्या काकांचं कर सल्लागाराचं ऑफिस, काहीही. पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं, म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारा, आणि "आवडलं का?" असं विचारू नका. "आज सकाळपासून काय काय केलंस, सांग," म्हणा. ज्या कामाबद्दल तो न विचारता बारकावे सांगू लागेल, ते काम कागदावर लिहून ठेवा, आणि प्रवेशाचा अर्ज भरायला बसाल तेव्हा अहवालाच्या शेजारी हा कागदही ठेवा.